तवा एक, लाटणाऱ्या चार!

मुलांनो, आज सुरुवात एका कोड्यानं. उत्तर लगेच ओरडायचं नाही. आधी वहीत लिहायचं, मग पुढे वाचायचं. कबूल?

घरी पंचवीस पाहुणे जेवायला आलेत. पोळ्या लाटायला चार जणी बसल्यात. चौघींचे हात भराभर चालतायत. पण गॅसवर तवा एकच. त्यावर एका मिनिटात दोन पोळ्या भाजून होतात. आता घाई व्हावी म्हणून शेजारच्या काकूंनाही लाटायला बोलावलं, तर पंगत लवकर बसेल का?

नाही ना! लाटलेल्या पोळ्यांचा ढीग तेवढा वाढेल. भाजलेल्या पोळ्या मिनिटाला दोनच. इथे पाचवी लाटणारी नको, दुसरा तवा हवा.

सोपं होतं की नाही? पण गंमत अशी की, कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्यावर हेच कोडं भलेभले चुकतात. घरचा कॉम्प्युटर हळू चालायला लागला की कुणी सांगतं, "प्रोसेसर बदला." कुणी सांगतं, "ग्राफिक्स कार्ड टाका, मग बघा कसा पळतो!" कुणी तर म्हणतं, "मोडीत काढा, नवा घ्या." अडलंय कुठे, तवा कुठला, हे मात्र कुणी पाहत नाही. घरातले कष्टाचे पैसे पाचव्या लाटणारीवर खर्च होतात आणि पोळ्या निघतात तेवढ्याच!

म्हणून आज आपण तवा शोधायला शिकू या.

पेटीत कोण कोण असतं?

टेबलाखालच्या त्या उभ्या पेटीला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. "सीपीयूला पाय लावू नकोस!" असं तुम्हीही ऐकलं असेल. खरं म्हणजे सीपीयू हे आतल्या प्रोसेसरचं नाव. तो असतो छोट्या बिस्किटाएवढा. पेटीचं नाव कॅबिनेट.

आता स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. सगळी कामं तिच्या हातून होतात. रॅम म्हणजे ओटा. चालू स्वयंपाकाला लागणारं सामान ओट्यावर काढून ठेवलेलं असतं. ओटा मोठा तर एका वेळी जास्त सामान हाताशी. कॉम्प्युटर बंद केला की ओटा पुसून कोरडा! रॅममध्ये काहीच उरत नाही. कायमचं सामान राहतं कोठीच्या खोलीत. ती कोठी म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. गॅसची शेगडी म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी बेताबेताची वीज वाटतो. आणि हे सगळं ज्याच्यावर बसवलेलं असतं, ज्याच्यातून एकमेकांशी जोडलेलं असतं, तो मदरबोर्ड.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. ते म्हणजे फक्त पुरणपोळ्या करायला बोलावलेल्या खास आजी! पडद्यावरची चित्रं भराभर रंगवणं हे त्याचं मुख्य काम. पण रोज पुरणपोळी नसते. साध्या कामापुरती चित्रं काढण्याची सोय बऱ्याच प्रोसेसरांच्या पोटातच असते.

तुम्ही म्हणाल, "बाई, हे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे, मग ते एकमेकांना बसतात कसे?" छान प्रश्न! १९८१ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं आपला 'पीसी' बाजारात आणला. त्यात जादा कार्डं खोचायला खाचा होत्या आणि त्याची तांत्रिक माहितीही कंपनीनं छापून दिली होती. त्यामुळे इतरांना त्यात बसणारे भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं 'एटीएक्स' नावाचं माप ठरवलं. मदरबोर्डाची लांबी-रुंदी किती, स्क्रूची भोकं कुठे, हे सगळं त्यात आलं. म्हणून आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून मदरबोर्ड आणि दुसऱ्या दुकानातून कॅबिनेट घेतलं, तरी भोकासमोर भोक येतं. गंगावनाला वेणी जुळावी तसं!

तवा शोधायची युक्ती

आमच्या शाळेतून चौथी पास होऊन गेलेली एक मुलगी आता नववीत आहे. तिची आई पोळीभाजीचे डबे देते. कुणाचे किती डबे झाले, कुणाचे पैसे यायचे, हा हिशेब ही मुलगी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवते. कॉम्प्युटर २०१४ सालचा. बटण दाबलं की चहा करून प्यावा, तरी पडदा गोल गोल फिरतच असायचा. एका दुकानात दाखवला, तर उत्तर मिळालं, "हा गेला. नवा घ्या." सोबत कागदावर एक पाच आकडी रक्कम.

आईंनी मोठ्या शेगडीसाठी पैसे साठवले होते. ते पैसे काढायचे का, यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. मुलीला वाईट वाटत होतं, कारण हिशेब तीच कॉम्प्युटरवर ठेवू लागली होती. शेवटी दोघी रविवारी माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्हीच एकदा बघा ना," आई म्हणाल्या.

मग मी त्यांच्या घरी गेले. स्क्रू-ड्रायव्हर नव्हता नेला, बरं का! नुसती तीन बटणं दाबायची होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही एकदम. विंडोजमध्ये असं केलं की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' असा भाग असतो. तिथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के कामात आहेत ते दिसतं. मेमरी म्हणजेच रॅम.

"आता तू नेहमीचं काम कर," मी मुलीला म्हटलं. तिनं हिशेबाची फाइल उघडली, ब्राउझर उघडला. आम्ही तिघी आकडे पाहत होतो. प्रोसेसर २० टक्क्यांच्या आसपास. मेमरी ९० टक्क्यांच्या वर. आणि डिस्क? १०० टक्के! पाच मिनिटं झाली, तरी १००च्या खाली यायला तयार नाही.

"सांग पाहू, इथे रिकामं कोण बसलंय?"

"प्रोसेसर!"

"आणि कुणाच्या नावानं सगळे खोळंबलेत?"

ती काही बोलायच्या आत आईच म्हणाल्या, "अगं, तवा अडलाय! मग तवाच बदलायचा की. अख्खं स्वयंपाकघर कशाला पाडायचं?"

बघा, रोज दीडशे पोळ्या करणाऱ्या माणसाला हे एका क्षणात कळलं.

हार्ड डिस्क मागे का पडते?

जरा गणित करू या. वही घ्या.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई सरकते. (ती तबकडीला टेकत नाही. अगदी वरून तरंगत जाते.) घरगुती डेस्कटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला किती? ७२०० भागिले ६०, बरोबर १२०. मग एका फेरीला लागला सेकंदाचा १२०वा भाग, म्हणजे ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. झाले ४ मिलिसेकंद. सुईला योग्य जागी सरकायला अंदाजे आणखी ८. एकूण १२.

'बारा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही!' असं वाटतं ना? पण १००० भागिले १२ करा. उत्तर साधारण ८३. म्हणजे वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या लहान लहान गोष्टी आणायच्या असतील, तर ही डिस्क सेकंदात फक्त ऐंशीएक वेळा कोठीत जाऊन येते. आणि कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो गोष्टी लागतात!

एसएसडीमध्ये ना तबकडी, ना सुई. सगळी माहिती चिपांमध्ये. फिरण्याची वाट पाहायची नाही, सरकण्याची नाही. तिला अशा एका खेपेला लागतो साधारण ०.१ मिलिसेकंद. तुम्हीच भागाकार करा आणि पाहा किती फरक पडतो.

आणखी एक गोष्ट. ओटा, म्हणजे रॅम, भरून गेला की कॉम्प्युटर काय करतो? ओट्यावरचं सामान थोडा वेळ कोठीत नेऊन ठेवतो आणि लागलं की परत आणतो. म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कच्या पाठीवर आणखी ओझं! त्या मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम होती ४ जीबी. तवा लहान आणि ओटाही अपुरा, असं दुहेरी दुखणं होतं.

म्हणून दोनच वस्तू ठरल्या. एक २५६ जीबीची एसएसडी आणि एक ४ जीबीची रॅम. प्रोसेसर तसाच, मदरबोर्ड तसाच, कॅबिनेट तसंच. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही, फोटो ठेवायला आतच राहू दिली. खर्च आला दुकानदारानं लिहून दिलेल्या आकड्याच्या साधारण दहावा हिस्सा. आता बटण दाबल्यावर चहा उकळायच्या आत हिशेबाची फाइल उघडते.

एक सांगायला हवं. तिच्या धाकट्या भावाला एक मोठा गेम खेळायचा होता. तो काही या कॉम्प्युटरवर चालला नाही. दोन दिवस स्वारी फुगून बसली होती. ग्राफिक्स कार्डाशिवाय तो गेम चालणारच नव्हता. पण पैसे कुणाच्या कामासाठी खर्च होतायत, हे घरानं आधीच ठरवलं होतं. खरेदीला निघताना पहिला प्रश्न हाच. 'या कॉम्प्युटरवर आपल्याला करायचंय काय?' बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या मागे.

बसतं का, ते पाहा!

चांगली वस्तू आणि आपल्याला बसणारी वस्तू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादाचा बूट कितीही भारी असला तरी तुमच्या पायात सैलच!

रॅमचंच घ्या. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ असे तिचे प्रकार आहेत. तिन्ही पट्ट्या दिसायला बहिणी-बहिणी, पण खालच्या कडेला जी खाच असते ती प्रत्येकीची वेगळ्या जागी. चुकीची पट्टी चुकीच्या मदरबोर्डात बसूच नये म्हणूनच ही सोय! बसत नसेल तर जोर लावायचा नाही. खाच काहीतरी सांगतेय, ते ऐकायचं. लॅपटॉपची रॅम आणखी वेगळी, आखूड असते. ती डेस्कटॉपला चालत नाही.

रॅम घेण्याआधी आणखी एक तपासणी करा. जुन्या कॉम्प्युटरवर कधी कधी ३२ बिटांची विंडोज असते. ३२ बिटांत पत्ते किती मावतात? २ चा ३२वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. बरोबर ४ जीबी! घरांना नंबरच तेवढे, मग जास्त घरं बांधून टपाल कसं पोचणार? अशा कॉम्प्युटरमध्ये ८ जीबी रॅम घातली, तरी वरची फुकट जाते. आधी ६४ बिटांची प्रणाली टाकावी लागते.

प्रोसेसरचं गणित सगळ्यांत नाजूक. तो मदरबोर्डावरच्या 'सॉकेट'मध्ये बसतो आणि सॉकेट वेळोवेळी बदलत आलं आहे. इंटेलच्या सॉकेटच्या नावातच टोकांची संख्या असते. २०११चं ११५५, २०१३चं ११५०, २०२१चं १७००. ११५० टोकांच्या जागी १७०० टोकांचा प्रोसेसर कसा बसेल? मग नवा प्रोसेसर म्हणजे नवा मदरबोर्ड. नव्या मदरबोर्डाला नव्या प्रकारची रॅम. स्वेटरचा एक धागा ओढला आणि अख्खी बाही उसवली, तसं होतं! म्हणून जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर बदलण्याचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा.

एसएसडीचे दोन अवतार आहेत. एक अडीच इंची, चपट्या डबीसारखी. ती हार्ड डिस्कच्याच 'साटा' नावाच्या केबलला लागते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरलाही चालते. ती सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते. दुसरी च्युइंगगमच्या पट्टीएवढी, 'एम डॉट टू' खाचेत बसणारी. त्यातली 'एनव्हीएमई' जातीची कित्येक पट वेगवान असते. पण मदरबोर्डावर ती खाच हवी आणि ती खाच त्या जातीची हवी! नाहीतर वेगवान पट्टी टेबलाच्या खणात.

आणि हो, २५६ जीबीची एसएसडी जोडल्यावर विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते. आमची विद्यार्थिनी घाबरलीच, "बाई, फसवलं!" पण नाही. बनवणारी कंपनी जीबी म्हणजे १ अब्ज बाइट धरते. विंडोज धरते १,०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे २ चा ३०वा घात. २५६ अब्जाला त्या संख्येनं भागा. उत्तर २३८च येतं. फसवणूक नाही, मापटं वेगळं!

कधी जुन्याला निरोपही द्यावा लागतो. २००८च्या सुमाराचा डीडीआर२ रॅमवाला कॉम्प्युटर असेल, तर त्यावर पैसे लावण्यात अर्थ नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्या मुलीचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. मग आम्ही नव्या एसएसडीवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली. तिच्यात मराठी लिहिता येतं, हिशेबाचे तक्ते करता येतात. आपल्या देशातल्या सी-डॅक संस्थेनंही 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे.

नवा जुळवायचा तर?

समजा, घरात कॉम्प्युटरच नाही आणि सुटे भाग घेऊन तो 'असेंबल' करायचाय. तर यादी या क्रमानं लिहा.

१. काम. अभ्यास, हिशेब, टायपिंग, प्रोग्रॅमिंग, की व्हिडिओ जोडणं आणि मोठे गेम? हे एका ओळीत लिहा. यादीच्या सगळ्यात वर.

२. प्रोसेसर. नावाच्या शेवटी काय आहे ते नीट वाचा. इंटेलच्या आकड्यामागे 'एफ' हे अक्षर असेल, तर त्याच्या पोटात चित्रं काढण्याची सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, म्हणून लोक आनंदानं घेतात आणि घरी आल्यावर पडदा काळाच! त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं.

३. मदरबोर्ड. सॉकेट प्रोसेसरशी जुळणारं. रॅम कुठल्या प्रकारची लागते, ते खोक्यावर वाचा. १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. दोन्ही कुणीच घेतं असं धरून चालू नका.

४. रॅम. १६ जीबी हवी असेल तर शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांतून प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते. मात्र किमतीची चौकशी त्याच आठवड्यात करा. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर झपाट्यानं चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरीच्या चिपा प्रचंड प्रमाणात लागू लागल्या. म्हणूनच या पानावर मी किमती छापत नाही. तुमच्या हाती अंक पडेपर्यंत त्या शिळ्या व्हायच्या!

५. एसएसडी. आज नव्या कॉम्प्युटरमध्ये मुख्य कोठी हीच असावी.

६. एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर विसंबू नका. हा भाग बिघडला तर सोबत इतरांनाही घेऊन जाऊ शकतो. खोक्यावर '८० प्लस' अशी खूण शोधा. त्याचा अर्थ, घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के वीज कामाला येते. कॉम्प्युटरला २०० वॅट लागत असतील, तर असा एसएमपीएस भिंतीतून २५० घेईल. वरचे ५० वॅट गेले कुठे? उष्णतेत! जेवढी उष्णता कमी, तेवढं बिल कमी आणि आयुष्य जास्त.

७. कॅबिनेट. रंगीबेरंगी दिव्यांनी वेग वाढत नाही, हं! हवा खेळती राहते का आणि मदरबोर्ड मावतो का, एवढं पाहा. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०.५ सेंटिमीटर लांब असतो, मायक्रो एटीएक्स २४.४ सेंटिमीटरपर्यंत.

यादी झाली की दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. प्रत्येक भागाचं पूर्ण नाव त्यात हवंच. 'रॅम ८ जीबी' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. कुठली डीडीआर, कुठल्या कंपनीची, वॉरंटी किती वर्षांची? पक्कं बिल मागायला लाजू नका. वॉरंटीच्या वेळी तेच बिल उपयोगी पडतं.

हात लावण्याआधी

पेटी उघडायची ती घरातलं मोठं माणूस शेजारी असतानाच. आधी महत्त्वाच्या फायली आणि फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढा. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? ती अंगावरची स्थिर वीज. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या तिच्या झटक्यानं नाजूक चिप बिघडू शकते.

रॅमची पट्टी कडेनं धरा, सोनेरी टोकांना बोट लावू नका. धूळ झटकताना पंख्याचं पातं बोटानं थांबवून धरा. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. एसएमपीएसची डबी उघडायची नाही! प्लग काढल्यानंतरही तिच्यात वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसू शकतो. तिथे गंमत नाही, गय नाही.

काढलेले जुने भाग कचऱ्यात टाकू नका आणि तांब्यासाठी जाळू तर मुळीच नका. तो धूर विषारी असतो. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

एक स्वस्तातला उपायही सांगते. कॉम्प्युटर प्रत्येक वेळी जुनी तारीख दाखवतो का? मग बहुतेक वेळा मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्याचा नंबर 'सीआर २०३२'. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तारीख चुकीची असली की कित्येक वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत आणि लोकांना वाटतं, इंटरनेट बिघडलं! हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो.

करून पाहा

या आठवड्याचा गृहपाठ. घरच्या, शाळेच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरची 'जन्मपत्रिका' तयार करा. पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. टास्क मॅनेजरमध्ये पाहून लिहा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती जीबी, रॅमच्या किती खाचा भरल्यात, डिस्क एचडीडी आहे की एसएसडी. मग स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' असं रोमन अक्षरांत टाइप करा. तिथे मदरबोर्डाचं नाव आणि प्रणाली किती बिटांची ते सापडेल.

आता नेहमीचं काम सुरू करा आणि दर मिनिटाला, असे दहा वेळा, तिन्ही आकडे टिपा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क. तीन रंगांत आलेख काढा. जी रेघ सारखी वर चिकटलेली दिसेल, तो तुमचा तवा! तिन्ही रेघा खाली असतील तर काहीच विकत घेऊ नका. कदाचित इंटरनेटच संथ असेल, नाहीतर आतल्या पंख्यावर धूळ बसली असेल.

तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे कधी कुणी म्हणालं, "हा गेला, नवा घ्या," तर भांडायचं नाही. आलेख पुढे करायचा आणि नम्रपणे विचारायचं, "काका, यातलं नेमकं काय गेलंय?"

पुढच्या आठवड्यात भेटू या यूपीएसशी. वीज गेल्यावर तो टी-टी करून नक्की काय सांगत असतो, ते ऐकू या. तोपर्यंत आलेख पूर्ण करा. आणि हो, तीन रंगांतच हं!